धाकटीचा कल

१

सकाळचा चहा झाला की करिष्मा बोरकुटे खिडकीपाशी बसायची आणि टेबलावरच्या दोन काचपेट्यांची झाकणं उघडायची. एकीत थोरली, दुसरीत धाकटी. नावं तिनंच ठेवलेली. शास्त्रातली लांबलचक नावं दोघींना होतीच, पण रोज सकाळी ज्यांचं तोंड पाहायचं त्यांना घरातल्यासारखं नाव हवं, असं तिचं म्हणणं.

दोघी अळंब्या, पण छत्रीवाल्या नव्हेत. जुन्या झाडाच्या पोकळीतून पांढरा गोळा फुटतो आणि त्याला खाली दात लोंबतात. मऊ, ओलसर, टोकाशी बारीक होत गेलेले. थोरलीचे दात लांब, एकाच गोळ्यातून दाटीनं उतरलेले. पळसबोडीतली म्हातारी माणसं तिला बोकडदाढी म्हणत, आणि ते नाव तिला शोभायचंही. धाकटीला फांद्या फुटायच्या आणि प्रत्येक फांदीच्या खालच्या अंगाला आखूड दातांची ओळ, फणीसारखी. करिष्मा वाढली गडचांदूरला, जिथं कडुनिंबाच्या पानापानावर सिमेंटची पांढरी धूळ बसलेली असायची. ओला, जिवंत पांढरा रंग तिनं पहिल्यांदा पाहिला तो या दोघींचा, आणि तेव्हापासून ती त्यांच्या नादी लागली होती.

दोघीही आता दिसेनाशा होत चाललेल्या. त्यांना लागतं म्हातारं, आतून पोखरलेलं झाड, आणि असं झाड जंगलात फार दिवस कुणी उभं ठेवत नाही. आजवर लोक दोघींना एकच समजत आले होते. करिष्माची पीएच.डी. होती ती यासाठीच: बहिणीबहिणींत फरक काय, आणि कोणती किती उरली आहे.

फरक पुष्कळ होते, पण एका गोष्टीत दोघी सारख्या. दात सरळ खाली. दातांवरून सुटलेली बारीक भुकटी मोकळी खाली पडली तरच पुढची पिढी, म्हणून लाकूड उलटं करून ठेवलं तरी नवा दात वळसा घेऊन जमिनीकडेच येणार. ओळंब्याची दोरी चुकेल, पण या चुकायच्या नाहीत.

त्या सकाळी थोरली नेहमीसारखीच होती. धाकटीचे दात तिरपे झाले होते.

२

फार नाही. भिंतीवरचा फोटो थोडा कललेला असावा, इतकंच. घरात येणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

करिष्माला आधी टेबलाचा संशय आला. शेणानं सारवलेली जमीन, तिच्यावर लाकडी टेबल. एखादा पाय खचला असेल. तिनं दोऱ्याला लोखंडी नट बांधून पेटीसमोर धरला. दोरा सरळ, दात तिरपे. मग तिनं पेटीच फिरवली, खिडकीकडची बाजू भिंतीकडे केली. काही दिवसांनी दातांना नवी टोकं फुटली ती पुन्हा वळून पहिल्याच दिशेला. मागच्या भिंतीकडे, पूर्वेला. उजेडाची ओढ म्हणावी तर खिडकी पश्चिमेला. तिनं धाकटीला घरमालकीण गोकुळाबाईंच्या रिकाम्या पत्र्याच्या पेटीत, पुऱ्या अंधारात ठेवून पाहिलं. नवी टोकं पूर्वेलाच.

तिनं गाइडना फोन केला.

“हवेचा झोत असेल,” ते म्हणाले. “पंखा बंद ठेवा.”

पंखा बंदच होता. पळसबोडीत आदल्या दिवसापासून लाइनच नव्हती. पण हे तिनं सरांना सांगितलं नाही. फोन ठेवून ती पुन्हा टेबलाशी बसली आणि हनुवटी तळहातावर टेकवून धाकटीकडे पाहत राहिली. भीतीचा लवलेशही नव्हता. उलट, वर्गातल्या गरीब पोरीनं अचानक उलट उत्तर द्यावं आणि ते बरोबर निघावं, तसं काहीसं तिला वाटत होतं.

“कुणीकडे बघतेस गं?” ती हळूच म्हणाली.

३

खोली होती उमाजी आणि गोकुळाबाईंच्या घराची. घरात दोघंच. मुलगी चंदा सिरोंच्याला दिलेली. उमाजी मासेमार सोसायटीचा जुना माणूस, गावामागच्या तलावात त्याची हयात गेली. भात, मासोळीचा रस्सा आणि घरच्यासारखी विचारपूस, यामुळे करिष्मा दर पावसाळ्यात इथंच उतरायची.

एकदा झाडू मारताना तिला मधल्या खोलीतली उमाजीची खाट दिसली. खाटेच्या एका अंगच्या दोन्ही पायांखाली विटा होत्या.

“खाट वाकडी काऊन केली, बाई?” तिनं विचारलं.

गोकुळाबाई चुलीपुढून म्हणाल्या, “त्यायलेच इचारा. उतार लागते म्हणते. झोपलं का घरंगळल्यावानी होते म्हणे. आषाढापासून चालू हाये हे सोंग.”

“सोंग नाई व ते,” उमाजी दारातून म्हणाला. तो जाळ्याची गाठ मारत बसला होता. “तुले नाई लागत, मले लागते. आता आपली जमीनच कलली तं मी काय करू?”

“जमीन सरळ हाये. तुमीच कलले.”

करिष्मा हसली. मग तिचं हसू जरा थांबलं. उमाजी खांबाला न टेकता बसला होता, आणि तरी टेकल्यासारखा दिसत होता. खांदा, मान, सगळं अंग एका बाजूनं किंचित वर ओढून धरलेलं. चढावर उभा असलेला माणूस तोल सांभाळतो, तसं.

“उमाजीभाऊ, झोपलं की कोणत्या बाजूला घरंगळल्यासारखं वाटतं?”

उमाजीनं मान वर न करता हनुवटीनं दाखवलं. मागची भिंत. भिंतीमागं परसबाग, परसबागेमागं पाळ, आणि पाळीपलीकडे तलाव.

करिष्मा आपल्या खोलीत आली. धाकटीच्या पेटीवर तळहात आडवा धरून तिनं दातांची दिशा हातात घेतली आणि तो हात तसाच ठेवून दारातून बाहेर पाहिलं. बोटं उमाजीच्या हनुवटीच्या दिशेनंच गेली होती.

४

वनरक्षक देवानंद तिच्याच वयाचा. जंगलातल्या म्हाताऱ्या झाडांचा पत्ता त्याच्याकडून मिळायचा. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला तलावाच्या पलीकडच्या काठावर न्यायला सांगितलं.

तिथं बेहड्याची जुनी झाडं होती. पहिल्याच झाडाच्या ढोलीत धाकटी दिसली, ताटलीएवढी. देवानंदनं खाली बसून वर पाहिलं आणि टोपी काढली.

“मॅडम, हे तं आडवी येऊन राह्यली.”

खरंच. घरच्या धाकटीचे दात पूर्वेला कललेले, इथले पश्चिमेला. घर तलावाच्या या काठाला, जंगल त्या काठाला. दोन्हीकडचे दात पाण्याकडे. जितकं पाण्याजवळचं झाड तितका कल जास्त. काठावरच्या शेवटच्या खोडावर तर दात जवळजवळ भुईला समांतर झालेले. आणि त्याच खोडावर, वीतभर बाजूला, थोरली. तिचे लांब दात मात्र शिस्तीत खाली, जणू शेजारी काय चाललंय ते तिला ठाऊकच नाही. किंवा ठाऊक असून ती तिकडे बघत नाही.

“वारा अस्ते काय इकडून?” देवानंदनं विचारलं.

“वारा असता तर थोरलीलाही लागला असता.”

“मंग?”

“माहीत नाही,” करिष्मा म्हणाली, आणि हे म्हणताना तिचा चेहरा खुलला होता. माहीत नाही, हे शब्द तोंडी यायला तिला किती वर्षं लागली होती! आजवर जे पाहिलं ते कुणीतरी आधी पाहिलेलं, लिहिलेलं. हे कुणीच नव्हतं पाहिलेलं.

तिनं मोबाइलमधल्या नकाशावर घरापासून एक रेघ ओढली, या झाडांपासून दुसऱ्या. रेघा तलावाच्या मध्याच्या जरा अलीकडे एकमेकींना छेदत होत्या.

देवानंदनं नकाशा पाहिला. “तिथी तं खोल हाये,” तो म्हणाला. “सोसायटीवाले तिथी जाळं नाई टाकत आता.”

“आता म्हणजे?”

“औंदा नाई टाकत. काऊन ते उमाजीभाऊले इचारा.”

५

उमाजीनं नाही म्हटलं नाही. उलट तिनं विचारलं तेव्हा त्याचा चेहरा माहेरी निघालेल्या बाईसारखा झाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळचं कोवळं ऊन असताना, त्यानं तिला डोंग्यात बसवून पाण्यात घेतलं.

काठापासून निघाल्यावर तो हळूहळू मागं रेलायला लागला. बैलगाडी घाटातून उतरताना गाडीवान रेलतो तसा. पाणी आरशासारखं सपाट होतं. करिष्मानं नट बांधलेला दोरा काढला. तो सरळ लोंबत होता. म्हणजे ओढ पाण्याला नाही, लोखंडाला नाही, तिला स्वतःला नाही. धाकटीला आहे आणि या माणसाला आहे. यांच्यात सारखं काय? विचार करायला हे कोडं इतकं छान होतं की आपण कुठं चाललोय हे ती विसरूनच गेली.

“आषाढात जाळं अडकलं इथी,” उमाजी सांगत होता. “बुडी मारली. खाली पाय टेकले तं... कसं सांगू बाई तुमाले? असं वाटलं का जनमभर आपण वाकडेच उभे होतो, आता कुठी सरळ झालो. वर यावसंच नाई वाटे. छातीतली हवा संपली मनून आलो.”

“खाली काय होतं?”

“गाळ होता. दुसरं काय अस्ते?”

वल्ह्याचे दोन फटके मारून त्यानं डोंगा थांबवला. आणि तो सरळ बसला. करिष्मानं या पावसाळ्यात त्याला पहिल्यांदाच सरळ बसलेलं पाहिलं. खांदे सैल, मान ताठ, कपाळावरच्या आठ्या गेलेल्या. दहा वर्षांनी तरणा दिसायला लागला.

“हे पाहा,” तो म्हणाला. “इथी बरोबर लागते.”

ती डोंग्याच्या काठावरून वाकली. पाण्यातलं गवत तिला दिसलं, लांबच लांब, हिरवंकाळं. चारी बाजूंनी ते एकाच जागेकडे वाकलेलं होतं, भोवऱ्याभोवती केस वळतात तसं. मध्ये मोकळी जागा. तिच्या कडेनं मासे उभे होते, तोंडं आत करून, शेपटीही न हलवता. पाण्याला मात्र कुठलाच ओघ नव्हता.

करिष्मानं हात मनगटापर्यंत पाण्यात घातला. का, ते तिला सांगता आलं नसतं. पाणी कोमट होतं. बोटांच्या टोकांना काहीतरी लागलं, मऊ, अणकुचीदार, पुष्कळ. गवत, ती मनात म्हणाली. आणि मग तिला आठवलं की गवत पुरुषभर खाली आहे.

“काढा हात,” उमाजी म्हणाला.

तिनं काढला. बोटांवर काहीच नव्हतं. पण काढायला जरा वेळ लागला होता, आणि तो पाण्यामुळे नव्हे, हे तिला कळत होतं.

६

पोळ्याचा दिवस बैलांच्या घुंगरांत गेला. संध्याकाळी उमाजीची खाट आवरताना गोकुळाबाई तिला म्हणाल्या, “आज म्हाताऱ्यानं इटा बदलवल्या, बाई.”

विटा आता खाटेच्या उशाकडच्या पायांखाली होत्या. “डोकं खाली गेल्यावानी लागते म्हणे.”

खाटेची उशी दक्षिणेला. करिष्मा उठून आपल्या खोलीत गेली. धाकटीच्या दातांवरची अगदी ताजी टोकं, सुईच्या अग्राएवढी, पूर्व सोडून दक्षिणेकडे वळत होती.

तिनं देवानंदला फोन करून पलीकडच्या झाडांचे फोटो मागवले. तिथलीही टोकं फिरली होती. तिनं नवी रेघ ओढली, मग दुसरी. या वेळी रेघा तलावात भेटल्या नाहीत. तलावाच्या दक्षिण टोकाला पाणी सोडायची मोरी आहे. तिथून निघालेला पाट धानाच्या बांध्यांमधून गावाला वळसा घालत जातो. रेघा भेटल्या त्या पाटावर, गावाच्या खालच्या अंगाला, गोकुळाबाईंच्याच बांधीत.

करिष्मा नकाशा धरून उभीच राहिली. आजवर तिनं ती एक जागा समजली होती. जागा हलत नाही. आपण तिच्यावर डोंगा नेला, आपण तिच्यात हात घातला, आणि मग ती निघाली.

मन लगेच वकिली करायला लागलं. दोन फोटो, त्यातला एक धूसर. होकायंत्र मोबाइलमधलं. म्हाताऱ्याला कानाचा आजार असेल, कानातलं पाणी बिघडलं की तोल जातो. सगळं खरं होतं. पण धाकटीला कान नव्हते.

“गोकुळाबाई,” ती चुलीपाशी जाऊन म्हणाली, “उमाजीभाऊंना काही दिवस चंदाकडे नेऊ या. सिरोंच्याला. उद्याच.”

गोकुळाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. त्या काही विचारतील असं तिला वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “मलेबी आता तेच वाटून राह्यलं. परवा झोपेत हासत होते. मी त्यायले चाळीस वर्षांत झोपेत हासताना पाह्यलं नाई. उद्या मारबत झाली का निघू.”

धाकटीला तेव्हाच चुलीत टाकावं, असं करिष्माच्या मनात येऊन गेलं. तिनं टाकलं नाही. सकाळी टोकं कुठं वळतात ते तिला पाहायचं होतं.

७

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं डहाळ्या घेऊन ओरडत गल्लीतून धावतात: “रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत!” घरोघरचा केर, घरोघरचं दुखणं शिवेबाहेर नेऊन टाकायचं. गोकुळाबाई पहाटेच सारवण आटोपून, स्वयंपाक उरकून शिवेपर्यंत गेल्या. देवानंद जीप घेऊन येणार होता. करिष्मानं पिशवी भरली आणि शेवटी पेट्यांची झाकणं उघडली.

धाकटीचे नवे दात सरळ खाली होते.

तिच्या छातीवरचं ओझंच उतरलं. संपलं, ती मनाशी म्हणाली. जे काही होतं ते निघून गेलं. धाकटी पुन्हा पुस्तकातल्यासारखी झाली. मग तिनं सहज थोरलीच्या पेटीत पाहिलं.

कधीही न चुकलेली थोरली. तिच्या लांब दातांची टोकं आत मुडपून वर उचलली गेली होती. उन्हात तापलेल्या फरशीवर पाय पडला की आपण उचलतो तशी.

बाहेर पोरं ओरडत होती. घरात मात्र इतकी शांतता होती की काचेवर जमलेला थेंब खाली उतरताना दिसला तेव्हा त्याचाही आवाज होईलसं वाटलं. सरळ म्हणजे निघून गेलं, असं कुठं होतं? तलावाच्या मध्यावर उमाजी सरळच बसला होता.

ती मधल्या खोलीत गेली. खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. विटा कोपऱ्यात रचलेल्या. उमाजी उघड्या अंगानं भुईवर उताणा झोपला होता, हातपाय सैल सोडून, चेहऱ्यावर लहान बाळाचं समाधान. पहाटे गोकुळाबाईंनी सारवताना बोटांनी उठवलेल्या कमानी भिंतीपाशी जशाच्या तशा होत्या. त्याच्या जवळ येत गेल्या तशा त्या ताणल्या गेल्या होत्या, सगळ्या त्याच्याकडे, पाण्यातल्या त्या गवतासारख्या.

“उमाजीभाऊ, उठा. निघायचंय.”

“आत्ताच टेकली पाठ,” तो डोळे न उघडता म्हणाला. “किती चांगलं धरलं हाये. राहू द्या ना, बाई.”

तिनं खांदे धरून ओढलं. तो हलेना. वजन माणसाचं नव्हतं. गाळात रुतलेलं जाळं ओढावं तसं. “गोकुळाबाई!” ती किंचाळली. नशिबानं गोकुळाबाई अंगणात पोचल्या होत्या. त्या तशाच चपलांनिशी आत आल्या. त्यांनी नवऱ्याच्या काखांत हात घातले, आणि दोघींनी मिळून त्याला भिंतीकडे खेचलं. ओल्या कागदावरून कागद सोलताना होतो तसला बारीक आवाज झाला आणि उमाजी एकदम हलका होऊन सुटला. त्याची पाठ ओली होती. खांद्यांपासून कमरेपर्यंत टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, ओळीनं, हजारो.

तोल जाऊन करिष्माचा अनवाणी पाय तो झोपला होता त्या जागेवर पडला. मग दुसरा.

आणि ती सरळ झाली.

दुसरा शब्द तिला नंतरही कधी सापडला नाही. जन्मल्यापासून आपण थोडंसं वाकडं उभं राहत आलो, स्वतःला सावरत, आणि ते सावरणं आज थांबलं. पायांखाली काहीतरी होतं. मऊ, अणकुचीदार, कोमट, आणि ते तळव्यांना फार अलगद लागत होतं. तो स्पर्श तिला ओळखीचा होता. रोज सकाळी बोटाच्या टोकानं ती धाकटीचे कोवळे दात चाचपायची, तोच. पण दात खाली लोंबतात. हे खालून वर येत होते.

तिनं मान खाली घातली. सारवलेल्या भुईतून तिच्या पावलांभोवती पांढरी टोकं वर आलेली होती, दाट, ओली, तिच्याकडे वळलेली. आपल्याला जसं खाली असतं तसं खाली जे आहे त्यालाही एक खाली असेल, आणि ते आपण आहोत, असं काहीतरी तिच्या मनात फार शांतपणे उमटलं. टोकांच्या खाली, मातीच्या आत, आणखी काहीतरी दिसायला लागलं होतं. ती नीट बघायला वाकली...

गोकुळाबाईंनी तिची वेणी मनगटाला गुंडाळून असा हिसका दिला की ती दारात जाऊन आदळली.

भुईवर काही नव्हतं. एक ओला डाग होता, आणि तोही वाळत चालला होता.

८

देवानंदच्या जीपनं उमाजी आणि गोकुळाबाई आलापल्लीपर्यंत गेले आणि तिथून एसटीनं सिरोंच्याला. घराला कुलूप लागलं. पेट्या आत राहिल्या. पुढं देवानंदनं खिडकीतून पाहून कळवलं की दोन्ही अळंब्या वाळून गेल्या आहेत. करिष्मानं प्रबंधात थोरलीवर भरभरून लिहिलं. धाकटीचा नमुना टिकला नाही, एवढंच तिच्याबद्दल. सरांनी पुन्हा पळसबोडीला जाऊन दुसरा नमुना आणायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “पुढच्या पावसाळ्यात पाहू.” पुढच्या पावसाळ्यात तिनं कोरचीकडचं जंगल मागून घेतलं.

त्याआधी पहिल्याच दिवाळीनंतर मात्र ती सिरोंच्याला गेली. त्या दोघांना एकदा पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नव्हतं.

चंदाचं घर गोदावरीच्या काठाशी. ओसरीवर नातवंडं तेलुगूत भांडत होती आणि गोकुळाबाई त्यांना मराठीत रागावत होत्या. उमाजी जाळं विणत बसला होता. बरा दिसला. अंगात मांस भरलं होतं, पाठीवरचे ठिपके मावळले होते. झोप लागते का, विचारल्यावर म्हणाला, “लागते ना. दुपारीबी लागते.” जेवणं अंगणात बाजेवरच झाली, नदीचे मासे होते. पळसबोडीचा विषय कुणी काढला नाही. निघताना मात्र करिष्मानं न राहवून विचारलं.

“उमाजीभाऊ, त्या दिवशी खाली काय होतं, तुम्हाला दिसलं?”

“मी तं उताणा होतो,” तो म्हणाला. “मले कसं दिसन? तुमीच वाकून पाहून राह्यल्या होत्या.”

कित्येकदा तिनं आठवून पाहिलं होतं. वाकलेली आठवते, वेणीचा हिसका आठवतो, मधलं काही हाती लागत नाही.

गाडीची वेळ झाली. नमस्कारासाठी तिनं ओसरीच्या पायरीशी चपला काढायला घेतल्या. उमाजीनं एकदम हात पुढं केला.

“राहू द्या, चपला नका काढू.”

तेव्हा तिचं लक्ष गेलं. उमाजी ओसरीवर चपला घालूनच बसला होता. गोकुळाबाईंच्या पायांतही चपला, चुलीपासून आल्या त्या तशाच. नातवंडांच्याही. आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

“इथची जमीन चांगली हाये,” उमाजी समजावणीच्या सुरात म्हणाला. “पण नवी हाये. तिले अजून आपली ओळख नाई लागली. उगाच काऊन लावून द्याची?”

करिष्माचा उजवा पाय चपलेतून निघाला होता. तळव्याखाली बोटभर अंतरावर अंगणातली थंड माती होती, नुकतीच शिंपलेली. सगळे तिच्याकडे पाहत होते. तिनं पाय चपलेत परत घातला.

पण लगेच नाही घातला.